ट्रॅक्टर आमचा, झाकण कोणाचे?

यंत्र बिघडले की दोन प्रकारची माणसे पुढे येतात. एक म्हणतो, "थांबा, कुठे अडले आहे ते बघू." दुसरा म्हणतो, "हे उघडायचे नसते, अख्खा भागच बदलावा लागेल." पहिल्याच्या हातात पाना असतो, दुसऱ्याच्या हातात बिलबुक. आज जगभर पहिल्या माणसाला बाजूला सारण्याचा उद्योग पद्धतशीरपणे चालू आहे. या उद्योगाची वसुली शेवटी कोणाच्या खिशातून होणार हे जिल्हा मेळाव्याला येणाऱ्या कास्तकाराला सांगायला नको.

हा मुद्दा मांडण्यासाठी आम्ही उदाहरण मुद्दाम लांबचे आणि लहान घेतले आहे. अमेरिकेतला गार्डन ट्रॅक्टर, आणि त्याचा एक साधा आजार : ट्रॅक्टर एका चालीत चालत नाही. कधी पळतो, कधी रेंगाळतो, चढावर दम सोडतो. आपल्या पऱ्हाटी-ज्वारीच्या रानात हे यंत्र नाही. मग त्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे, की हे यंत्र इतके लहान आहे की त्याचे पोट एका पानात उघडून दाखवता येते. आणि याच लहान यंत्राच्या बाबतीत मालकाच्या हातातून दुरुस्ती कशी काढून घेतली गेली ते स्पष्ट दिसते. आपल्याकडे तेच मोठ्या ट्रॅक्टरच्या वाटेने येत आहे.

तेलावर चालणारी चाके

अमेरिकेत घराभोवती एक-दोन एकर मोकळी जागा असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. गवत कापणे, बर्फ ढकलणे, छोटी ट्रॉली ओढणे, परसबाग चाळणे, फवारा मारणे यासाठी ती गार्डन ट्रॅक्टर ठेवतात. साधारण १५ ते २५ हॉर्सपॉवरचे हे यंत्र. पूर्वी त्याला आपल्या ट्रॅक्टरसारखेच क्लच आणि गिअर होते. १९६० च्या दशकाच्या मध्याला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने आपल्या 'कब कॅडेट' या छोट्या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह बसवला. १९६७ साली त्याच कंपनीने आपल्या ६५६ या शेतीच्या ट्रॅक्टरलाही तो दिला. पुढे ही पद्धत सगळीकडे पसरली.

हायड्रोस्टॅटिक हा शब्द मोठा, पण काम सोपे आहे. आपल्या डंपिंग ट्रॉलीचा जॅक सर्वांनी पाहिला आहे. पंप ऑइल ढकलतो, ऑइलच्या जोराने जॅक वर येतो, ट्रॉली उलटते. इथे तेच ऑइल जॅकऐवजी चाके फिरवते. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. पंपात गोल मांडणीत लहान-लहान पिस्टन असतात आणि त्यांच्यासमोर एक कलती होणारी तबकडी असते. तबकडी सरळ असली की पिस्टन नुसते गोल फिरतात, ऑइल ढकलत नाहीत. ट्रॅक्टर उभा राहतो. तबकडी थोडी कलली की पिस्टन मागेपुढे होऊ लागतात. कल जितका जास्त तितके ऑइल जास्त. ते ऑइल एका मोटरमध्ये जाते, मोटर फिरते, मोटर चाके फिरवते. तबकडी उलट बाजूला कलवली की ट्रॅक्टर मागे जातो. चालकाच्या पायाखालचे पेडल म्हणजे त्या तबकडीची दांडी. क्लच नाही, गिअर बदलणे नाही.

ज्याला जॅक समजतो त्याला हेही समजते. यात देवाघरची विद्या काही नाही.

चाल बिघडली तर बिघडते काय?

गवत कापणाऱ्याची चाल कमी-जास्त झाली तर फार तर गवत वरखाली कापले जाईल. पण फवाऱ्याचे गणित करून पाहा. पंप मिनिटाला ठरावीक द्रावण सोडतो. फवाऱ्याची रुंदी २ मीटर आणि ट्रॅक्टरची चाल ताशी ४ किलोमीटर असेल, तर एक एकर सुमारे ३० मिनिटांत होतो. चाल ताशी ३ किलोमीटरवर आली की त्याच एकराला ४० मिनिटे लागतात. पंप तितकाच सोडतो आहे, म्हणजे त्या एकरात औषध एक तृतीयांश जास्त पडले. आणि एकाच तासात चाल चारची तीन, तीनची पाच होत असेल, तर एका पट्ट्यात पीक करपते आणि शेजारच्या पट्ट्यात कीड हसत बसते. औषध नकली निघाले म्हणून दुकानदाराशी भांडण, दोष चालीचा.

म्हणून चाल एकसारखी असणे ही चैनीची बाब नाही. जो ट्रॅक्टर चालवतो त्याला ती तपासता आणि दुरुस्त करता आली पाहिजे.

आधी विचारा, मग पाना घ्या

आमचे शिक्षण कृषीचे. पीक पाहून रोग ओळखायला आम्ही शिकलो, आणि त्यातला पहिला धडा असा की लक्षण एक असते, कारणे अनेक असतात. पऱ्हाटी लाल पडली म्हणजे लाल्या. पण लाल्या नत्र कमी पडल्याने येतो, मॅग्नेशियम कमी पडल्याने येतो, तुडतुड्यांनी येतो, पाणी साचल्याने येतो, रात्री एकदम गार पडू लागल्यानेही येतो. कारण न शोधता जो चार बाटल्या हातात ठेवतो तो दुकानदार, डॉक्टर नव्हे. यंत्राचेही तसेच आहे. चाल कमी-जास्त होणे हे लक्षण. कारणे शोधायची ती स्वस्तातून महागाकडे, बाहेरून आत.

पहिला प्रश्न : इंजिन डगमगते की चाल? कान द्या. इंजिनचा आवाजच वरखाली होत असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. कार्ब्युरेटरमध्ये कचरा, गव्हर्नरची सैल स्प्रिंग, तुंबलेले एअर फिल्टर, ही कारणे बघा. अर्ध्या तासाने इंजिन मरगळते आणि पेट्रोल टाकीचे झाकण सैल केले की सावरते, असे असेल तर झाकणाचे श्वासाचे छिद्र बुजले आहे. काडीने साफ होते. खड्ड्यात ट्रॅक्टर उसळला की गचका बसतो, असे असेल तर सीटखालचा सुरक्षा-स्विच पाहा. चालक उठला असे समजून तो इंजिन तोडतो.

दुसरा प्रश्न : चालवण्याची रीत बरोबर आहे का? हायड्रोस्टॅटिक यंत्राचे इंजिन कामाच्या वेळी पूर्ण रेसवर ठेवायचे असते आणि चाल पेडलने कमी-जास्त करायची असते. पेट्रोल वाचवायला रेस अर्धी ठेवली आणि पेडल तळापर्यंत दाबले, तर चढावर यंत्र दम सोडणारच. वर त्याचा थंडाव्याचा पंखाही मंद फिरतो आणि ऑइल तापते. हा बिघाड नाही, पण याच्यापायी बिल भरणारे लोक आहेत.

तिसरा प्रश्न : पट्टा. इंजिन बंद करा, चावी काढा, मगच हात घाला. पट्टा घासून गुळगुळीत झाला, तेलकट झाला, ताण देणारी स्प्रिंग ओढून गेली किंवा ताण-पुलीची बेअरिंग धरली, की पट्टा बोजा आल्यावर घसरतो. सपाटीवर ठीक, चढावर मंद, आणि रबर जळाल्याचा वास. तक्रार 'गिअरबॉक्स गेला' अशी येते. दोष पट्ट्यात असतो.

चौथा प्रश्न : बायपासची दांडी. बंद ट्रॅक्टर हाताने ढकलता यावा म्हणून ऑइलला आडवाट देणारी एक कळ असते. ती पूर्ण बंद झाली नाही तर थोडे ऑइल चाकाकडे न जाता आडवाटेने परत फिरते. ट्रॅक्टर चालतो, पण अंगात जीव नसल्यासारखा.

पाचवा : पेडलपासून तबकडीपर्यंतच्या दांड्या, पिना, बुश. यांत खेळ आला की पाय एक सांगतो आणि तबकडी दुसरेच ऐकते. दाबलेले पेडल हळूहळू परत येते किंवा गचक्याने चाल बदलते. एक झिजलेली पिन, एक सैल नट, एवढ्यावर काम भागते. त्याच वेळी ब्रेक कुठे घासत तर नाही ना, आणि चाकाच्या आसावरची की तुटून आस आत नुसता फिरत तर नाही ना, तेही पाहावे.

सहावा : थंडावा. ड्राइव्हच्या डब्यावर पंखा असतो आणि डब्याला पत्र्यासारख्या फिन्स असतात. त्यांत गवत आणि धूळ भरली, पंख्याची पाती तुटली, की ऑइल तापते, पातळ होते, आतल्या आत निसटते. सकाळी यंत्र तेज, तासाभराने मंद, सावलीत थांबले की पुन्हा तेज. या लक्षणाला आधी ब्रश लावावा.

सातवा : ऑइल. पातळी पाहा, रंग पाहा, वास घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरले. फेस असेल तर हवा. काळे आणि जळका वास असेल तर ऑइल संपले. ऑइल कोणते, हेही महत्त्वाचे. कोणी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सांगते, कोणी १०डब्ल्यू-३०, कोणी स्वतःचे वेगळे हायड्रॉलिक ऑइल. जे पुस्तकात लिहिले असेल तेच, आणि त्याच दर्जाचे. बाहेरून लावायचे फिल्टर असेल तर तेही त्याच वेळी बदला.

आठवा : हवा. ऑइल बदलल्यानंतर आत हवा राहते आणि ट्रॅक्टर कण्हत, गचके देत चालतो. ड्राइव्हची चाके जमिनीवरून नीट उचलून टेकू द्यावेत, पुढच्या चाकांना उटी लावावी, बायपास उघडा ठेवून इंजिन चालू करावे आणि पेडल हळूहळू पुढे-मागे पाच-सहा वेळा दाबावे. मग बायपास बंद करून तेच पुन्हा. ऑइलची पातळी परत पाहून भर घालावी. नव्या यंत्रांत पुष्कळांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

एक ताकीद : दाबाखालचे ऑइल कुठून गळते ते हाताने चाचपू नका. बारीक धार कातडीत शिरते आणि बोट गमवावे लागते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

या आठही पायऱ्या झाल्या, तरी यंत्र गार असताना चालते आणि तापल्यावर थांबते, तेव्हा म्हणावे की पंप आणि मोटर आतून झिजली. तेव्हा खर्च मोठा. पण तो आठ पायऱ्यांनंतरचा खर्च आहे, पहिल्या पायरीचा नाही.

आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना झाली की आपला गावचा मिस्त्री काय करतो? आधी ऑइल पाहतो, मग जाळी साफ करतो, मग सील पाहतो, आणि शेवटी पंपाला हात लावतो. बुद्धी तीच आहे. अमेरिकेतला शेतकरी तिला 'ट्रबलशूटिंग' म्हणतो, आपण 'बिघाड काढणे' म्हणतो.

'आयुष्यभराचे ऑइल'

आता खरी गोष्ट. जुन्या गार्डन ट्रॅक्टरांच्या ड्राइव्हला डिपस्टिक असे, बदलता येणारे फिल्टर असे, ऑइल काढायचा नट असे. पुढे स्वस्त, हलक्या यंत्रांत असे डबे आले की ज्यांना ऑइल काढायला नटच नाही. फिल्टर आत, झाकणाखाली. कंपनी म्हणते, याला देखभाल लागत नाही. ऑइल आयुष्यभरासाठी भरले आहे.

कोणाच्या आयुष्यभरासाठी? मालकाच्या की डब्याच्या? ऑइल संपले की डबा संपतो, आणि डबा संपला की त्याचे आयुष्य तेवढेच होते असे म्हणता येते. असा हिशोब कधी चुकत नाही. अमेरिकेतल्या मालकांनी यावर काय केले? त्यांनी डबा खाली उतरवला, उलटा केला, भरायच्या भोकातून जुने ऑइल ओतून काढले, नवे भरले. काहींनी तर डब्याला भोक पाडून नट बसवला. जो नट कंपनीने द्यायला हवा होता तो मालकाला ड्रिल घेऊन करावा लागला. आणि नवे ऑइल पडल्यावर ज्यांची चाल सुधारली, त्यांच्या दृष्टीने 'बदलून टाका' हा सल्ला काय किमतीचा ठरला?

सीलबंद डबा बनवायला स्वस्त पडतो, हे आम्ही नाकारत नाही. स्वस्त यंत्र ज्याला हवे त्याने घ्यावे. पण विकताना सांगा की हे यंत्र उघडता येणार नाही, बिघडले तर अख्खा डबा घ्यावा लागेल आणि त्याची आजची किंमत इतकी. हे फलक दुकानात लावा, मग गिऱ्हाईक काय निवडते ते पाहू. किंमत सांगताना अर्धीच सांगायची आणि उरलेली पाच वर्षांनी उकळायची, याला व्यापार म्हणत नाहीत.

नटाच्या जागी सॉफ्टवेअर

गार्डन ट्रॅक्टरला झाकण घातले ते नट काढून. मोठ्या ट्रॅक्टरला झाकण घातले ते सॉफ्टवेअरने. २०१५ साली जॉन डिअर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे लेखी म्हणणे दिले, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातले सॉफ्टवेअर ट्रॅक्टर चालेल तोवर वापरण्याची परवानगी मिळते, सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही. लोखंड तुमचे, मेंदू आमचा. १९९८ सालच्या अमेरिकी कायद्याने सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे गुन्हा ठरवले होते. म्हणजे स्वतःच्या ट्रॅक्टरचा बिघाड शोधणारा शेतकरी कायद्याने चोर ठरण्याची वेळ आली. शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि २०१५ मध्येच ट्रॅक्टर दुरुस्तीला त्या कायद्यातून सवलत मिळाली.

सवलत मिळाली तरी अवजार मिळाले नाही. बिघाड वाचणारे पूर्ण सॉफ्टवेअर डीलरकडेच. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या मोठ्या शेतकरी संघटनेने जॉन डिअरशी समझोता केला. कंपनीने पुस्तके आणि अवजारे देण्याचे वचन दिले. बदल्यात फेडरेशनने मान्य केले की राज्यांतल्या आपल्या शाखांनी दुरुस्ती-हक्काच्या कायद्यामागे लागू नये यासाठी आपण त्यांना सांगू. हे वाचून आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना हसू येईल. वचन घ्यायचे आणि हत्यार खाली ठेवायचे, असले समझोते आपण बांधावर पुष्कळ पाहिले आहेत.

कोलोराडो राज्यातल्या शेतकऱ्यांनी वचनावर विसंबून चालणार नाही असे ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये तिथे शेती यंत्रांच्या दुरुस्ती-हक्काचा अमेरिकेतला पहिला कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. सुटे भाग, पुस्तके, अवजारे, सॉफ्टवेअर हे डीलरला मिळते तसे मालकाला आणि स्वतंत्र मिस्त्रीलाही रास्त अटींवर मिळाले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांसह जॉन डिअरवर दावा दाखल केला. आरोप हाच, की दुरुस्तीचे अवजार डीलरपुरते कोंडून ठेवले.

कंपन्यांची वकिली दोन मुद्द्यांवर चालते. एक, शेतकऱ्याला समजणार नाही, अपघात होईल. दोन, शेतकरी प्रदूषणाची यंत्रणा बंद पाडील. पहिल्याचे उत्तर सोपे आहे : ज्याला समजत नाही त्याला पुस्तक द्या, पुस्तक लपवू नका. दुसऱ्याचे उत्तर कोलोराडोच्या कायद्यातच आहे. सुरक्षा आणि प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा निकामी करण्याची मोकळीक तो कायदा देत नाही. बिघाड वाचण्याचा हक्क वेगळा, यंत्रणा तोडण्याचा हक्क वेगळा. दोन्हींची सरमिसळ कंपनी करते, कारण तिला पहिला द्यायचा नाही.

हे आपल्या दारात कसे येते?

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागू झाले. धूर कमी व्हावा याला आमचा विरोध नाही. तो धूर आधी आमच्याच छातीत जातो. पण या नियमांबरोबर कॉमन रेल इंजिने आली, सेन्सर आले, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आले. इंजिन मंद पडले तर कारण पट्ट्यात आहे, डिझेल फिल्टरमध्ये आहे की एका सेन्सरच्या तारेत, हे आता कानाने सगळेच कळत नाही. लॅपटॉप लावावा लागतो. तो लॅपटॉप आणि त्यातला प्रोग्राम कोणाकडे? इथेच प्रश्न येतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर नाही. खरे आहे. पण नांगरटीला, रोटाव्हेटरला, मळणीला आपण भाड्याने जो बोलावतो त्याच्याकडे असतो. त्याचा खर्च आपल्या एकरी दरात येतो. आणि दरापेक्षा महाग आहे ती वेळ. बागायतदाराचा ट्रॅक्टर आठ दिवस अडला तर काम आठ दिवस पुढे जाते. कोरडवाहू रानात पाऊस पडला, वापसा आला, तर हातात मोजके दिवस असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर तालुक्याच्या डीलरच्या अंगणात उभा राहिला, "कंपनीचा माणूस येईल तेव्हा बघू" असे उत्तर मिळाले, तर ओल उडून जाते. ज्वारीची पेरणी कोरड्यात होत नाही आणि पऱ्हाटीची लावण लांबली की बोंडअळीला आयतेच निमंत्रण. सेन्सर दोनशेचा असो की दोन हजारांचा, नुकसान हंगामाचे होते. ते बिलात लिहिलेले नसते.

आपल्या देशात याचा निकाल काही अंशी लागलेलाही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. कारण, सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची अवजारे त्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू दिली नाहीत. त्यावर अपिले झाली, दंडाच्या रकमेवर भांडणे झाली. पण मोटारवाल्यांनी जे केले ते बाजार अडवणे आहे, हे आयोगाने लिहून ठेवले. जो न्याय शहरातल्या मोटारीला, तो गावातल्या ट्रॅक्टरला का नको?

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिने जी चार क्षेत्रे घेतली त्यांत शेतीची यंत्रे आहेत. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर कंपनीने आपली माहिती टाकावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा! शेतकऱ्याकडून कर्जाची वसुली करताना सरकार अपेक्षा ठेवत नाही, नोटीस पाठवते. कंपनीकडून पुस्तक घेताना मात्र अपेक्षा पुरते.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही

काही शहाणे यावरून सांगू लागतील, की यंत्रेच नकोत, बैलाकडे परत चला. त्यांनी स्वतः चार दिवस वखर धरून पाहावा. बैल महाग झाला, गडी मिळत नाही, आणि निंदणाच्या बाईच्या पाठीचे हाल यंत्रानेच कमी होणार आहेत. आम्हाला यंत्र हवे, चांगले हवे, नवे हवे. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह आपल्याकडे लहान ट्रॅक्टरात आला तर डवरणी-फवारणीला उपयोगीच पडेल, कारण क्लच न दाबता मुंगीच्या चालीने ओळीत चालता येते. आमचा विरोध कुलपाला आहे. जो पाभरीचा सरता बुजला की काडीने मोकळा करतो, त्याला यंत्राचे भय नाही. भय घालणारे दुसरे आहेत.

आणि गावचा मिस्त्री हा आपल्या शेतीचा आधार आहे. तो रात्री येतो, उधारीवर येतो, पावसात येतो. त्याच्या हातातले काम काढून घेणे म्हणजे आपल्या हंगामाची हमी काढून घेणे. त्याची बाजू आपण घेतली नाही तर उद्या तालुक्याला एकच गॅरेज राहील आणि त्याच्या भिंतीवर एकच दरपत्रक.

मेळाव्यापुढे ठेवायचे ठराव

एक : ट्रॅक्टर, मळणीयंत्र, हार्वेस्टर, फवारणीयंत्र विकताना दुरुस्तीचे पूर्ण पुस्तक मराठीतून दिले पाहिजे. नुसते चालवण्याचे नव्हे, बिघाड शोधण्याचेही.

दोन : बिघाड वाचण्याचे सॉफ्टवेअर आणि अवजार डीलरला ज्या अटीवर मिळते त्याच अटीवर मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीला मिळाले पाहिजे. यासाठी पोर्टल पुरत नाही, कायदा हवा.

तीन : सुट्या भागांची किंमत आणि ते किती वर्षे मिळतील हे यंत्राच्या बिलावरच छापले पाहिजे. जो भाग उघडता येत नाही त्याचे नाव वेगळे लिहिले पाहिजे.

चार : बाहेरच्या मिस्त्रीने पट्टा बदलला म्हणून इंजिनची वॉरंटी रद्द, हा प्रकार बंद झाला पाहिजे. ज्या भागाला हात लावला त्यामुळेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध करावे.

पाच : प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये शेती यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा वर्ग हवा, आणि त्यात गावच्या चालू मिस्त्र्यांना आधी जागा हवी.

सरकारकडे मागायचे ते हे. आपण स्वतः करायचे तेही सांगतो. हंगामाआधी, मे महिन्यात, प्रत्येक शाखेने एक दिवस गावातले सारे ट्रॅक्टर एका जागी आणावेत. मिस्त्रीला मानधन द्यावे. पट्टे, फिल्टर, ऑइल, लिफ्टची जाळी, दांड्यांचे बुश, सगळे तपासून वहीत लिहावे. कोणत्या यंत्राला कोणता बिघाड, कोणत्या डीलरने काय सांगितले, बिल किती झाले, खरे कारण काय निघाले, हेही लिहावे. अशा शंभर वह्या जिल्ह्याला आल्या की 'शेतकऱ्याला समजत नाही' म्हणणाऱ्याच्या टेबलावर त्या ठेवता येतील. बिल जपून ठेवा. जुना काढलेला भाग डीलरकडून परत मागून घ्या. तो तुमचा आहे. फसवणूक झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. स्वतःच्या पोटासाठी यंत्र चालवणारा तिथे ग्राहकच धरला जातो.

भावांनो आणि मायबहिणींनो, जमिनीचा सातबारा आपल्या नावावर असून विहिरीला कुलूप दुसऱ्याचे असते तर आपण गप्प बसलो असतो का? पुढच्या मेळाव्याला येताना गावच्या मिस्त्रीला बरोबर आणा. त्याची खुर्ची आम्ही पहिल्या रांगेत ठेवली आहे.